दुसऱ्या आठवड्यातला फोटो

आमच्या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं की लोकांना वाटतं मी एमआरआयचं मशीन म्हणेन. मशीन अवघड नाही. बटणं दाबली की चालतं, बिघडलं की पुण्याहून माणूस येतो. अवघड आहे तो एक साधा प्रश्न. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या सेंटरमध्ये मी वर्षानुवर्षं बायकांना तो विचारत आले: शेवटची पाळी कधी आली होती?

प्रश्न ऐकला की बाई आधी दाराकडे बघते, मग सोबत कोण आलंय त्याच्याकडे. उत्तर बहुतेक वेळा सोबतचं माणूसच देतं. सासू देते, नणंद देते. एकदा तर सुट्टीवर आलेल्या एका फौजी नवऱ्याने अगदी बरोबर तारीख सांगितली होती. मी आश्चर्याने बघितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, सुट्टी त्याच हिशोबानं टाकतो." त्याची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. इतकं खरं आणि इतकं सरळ उत्तर मला फार कमी वेळा मिळालं.

मी रेडिओलॉजिस्ट. साताऱ्याच्या माझ्या आत्याला शेवटपर्यंत वाटत होतं की मी आकाशवाणीत नोकरीला आहे. मी माणसांच्या आतले फोटो काढते आणि वाचते. सगळा जन्म त्यात गेला, पण स्तनाचं एमआरआय आमच्याकडे सुरू झालं ते अलीकडे. ते कसं असतं हे थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाईला पालथं झोपवतात. फळीला दोन खळगे असतात, त्यांत दोन्ही स्तन मोकळे सोडायचे. हाताच्या शिरेत सुई असते. आधी काही फोटो काढायचे, मग शिरेतून औषध सोडायचं. त्याला आम्ही डाय म्हणतो, पण रंग वगैरे काही नसतो, पाण्यासारखं दिसतं. ते रक्तातून फिरतं आणि जिथे रक्त जास्त पोचतं ती जागा फोटोत उजळते. कॅन्सरच्या गाठीला रक्ताची हाव असते. ती स्वतःपुरत्या नव्या रक्तवाहिन्या उभ्या करते, आणि घाईत उभ्या केल्यामुळे त्या गळक्या असतात. म्हणून गाठ सहसा आधी उजळते, झटकन. बाकीचा स्तन मागून, सावकाश, थोडा थोडा.

हे 'थोडा थोडा' मात्र प्रत्येक बाईचं वेगळं. पाळी सुरू झाल्यापासूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्तन शांत असतो, फोटोची पार्श्वभूमी काळी राहते. पाळी जवळ आली की तोच स्तन जागोजागी उजळतो. शिरवळच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आली होती, अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून. तिचे दोन्ही स्तन दुधामुळे असे उजळले होते की काळा भाग शोधावा लागत होता. उलट पाळी गेलेल्या बाईचा फोटो बहुधा अंधारा. पण एका सत्तरीच्या आजींचा फोटो एकदा तरुण मुलीसारखा आला. विचारल्यावर कळलं, अंगातून वाफा येतात म्हणून त्या कुणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून हार्मोनच्या गोळ्या आणून खात होत्या. शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेली बाजू अंधारते, दुसरी तशीच राहते. मॅमोग्राफीत दाट दिसणारा स्तन इथे उजळेलच असंही नाही. तेव्हा फोटोत दिसतं ते सगळं आजाराचं नसतं. बरंचसं बाईच्या त्या महिन्याचं, त्या वयाचं, तिने काय खाल्लंय त्याचं असतं. म्हणून तो प्रश्न.

राजमतीला तो प्रश्न आमच्या टेक्निशियन अर्चनाने फोनवर विचारला होता. राजमती हे तिचं खरं नाव नाही. गावाचंही नाव सांगत नाही, कुंडलच्या बाजूचं आहे एवढं पुरे. जैन शेतकरी कुटुंब, ऊस आणि थोडी द्राक्षं. वय चाळिशीच्या पुढे एखादं वर्ष. डाव्या स्तनात गाठ लागली, सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. गाठ लहान होती. सर्जनना एवढंच ठरवायचं होतं की नुसती गाठ काढून भागेल की सगळा स्तन काढावा लागेल. त्यासाठी आणखी कुठे काही आहे का हे बघायचं, म्हणून एमआरआय.

रोग कळलेला असला की आम्ही पाळीसाठी सहसा थांबत नाही. तरी अर्चना विचारून ठेवते आणि जमलं तर दुसऱ्या आठवड्यात या म्हणते. फोन सासूबाईंनी घेतला होता. त्या म्हणाल्या, "मागल्याच आठवड्यात झाली की. उद्या आणू का?"

दुसऱ्या दिवशी तिघं आली. राजमती, तिचा नवरा सुकुमार आणि सासू कुसुमआक्का. आक्का बारीक, ताठ, पांढरं पातळ नेसलेल्या. राजमती फारसं बोलत नव्हती. आत घेऊन गेल्यावर तिने अर्चनाला फक्त विचारलं, "मंगळसूत्र काढायलाच लागतंय व्हय?"

फोटो माझ्या पडद्यावर येऊ लागले आणि मी खुर्ची पुढे ओढली. डाव्या बाजूची गाठ होती तिथे होती. पण तिच्याभोवती, वर, खाली, आणि उजव्या स्तनातसुद्धा, ज्वारीचे दाणे सांडावेत तसे उजळ ठिपके. डाय गेल्यावर ते वाढतच होते. ठिपके दोन्हीकडे सारखे होते, म्हणून मला ते स्तनाचेच वाटले, रोगाचे नाहीत. पण 'वाटलं' हा शब्द रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. त्या गर्दीत एखादा खरा दाणा असला, तर तो मला दिसणार नव्हता. प्रत्येक ठिपक्यात सुई घालणं शक्य नव्हतं. आणि असा रिपोर्ट सर्जनच्या हातात गेला की त्यांनी काय करावं? सगळा स्तन काढून मोकळं व्हावं, हेच.

मागच्या आठवड्यात पाळी आलेल्या बाईचा फोटो सहसा असा येत नाही. मी उठून कपडे बदलायच्या खोलीत गेले. राजमती ब्लाउजची बटणं लावत होती.

"राजमती, तारीख खरी कधीची?"

तिने दाराकडे बघितलं. दार मी लावलेलं होतं.

"तीन आठवडं झालं असतील," ती म्हणाली. "आन गोळ्या घेतोय मी. पाळी फुडं ढकलायच्या."

"कशासाठी?"

"आमच्यात पंचकल्याणक हाय."

सांगलीत राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. गावात नवी मूर्ती बसवायची असते तेव्हा जैन लोक ही पूजा करतात. काही दिवस चालते, सगळा गाव मांडवात असतो. तीर्थंकरांच्या आयुष्यातले पाच मंगल प्रसंग तिथे करून दाखवतात, आणि त्यांत गावातलं एक जोडपं तीर्थंकरांचे आईवडील होतं. तो मान मिळणं ही आयुष्यातली गोष्ट. या वेळी तो राजमती आणि सुकुमारला मिळाला होता. पूजा दोन आठवड्यांवर आली होती आणि तिची पाळी पाच आठवड्यांनी येत असल्यामुळे तारीख नेमकी त्यातच येत होती.

"पूजा झाली की मग काय कापायचं ते कापा म्हनलं," ती म्हणाली. "आदी न्हाई. फोटो तेवढा आदी उरकावा म्हनून आईनी फोनवर तारीख तशी सांगितली."

मी सर्जनना तिथूनच फोन लावला. ते माझ्याहून तरुण आहेत आणि थोडक्यात बोलतात. "गाठ हार्मोनवर वाढणारी आहे. त्या गोळ्या आजच बंद. फोटो परत काढायचा तर माझी हरकत नाही, पण घरच्यांना विचारा, थांबायला तयार आहेत का. नाहीतर मी सगळं काढतो. माझ्या दृष्टीने ते सोपं आहे."

मग मी तिघांना माझ्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. गोळ्या बंद करायच्या, त्यात दुसरा पर्याय नाही. त्या बंद झाल्या की पाळी येईल. त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात परत फोटो काढू. शांत आला तर कदाचित नुसती गाठ काढून भागेल.

सुकुमारने विचारलं, "तवर गाठ वाढली तर?"

"इतक्या थोड्या दिवसांत बहुतेक फरक पडत नाही. पण पडणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही."

कुसुमआक्का खुर्चीत पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "गोळ्या बंद केल्यावर किती दिसांत येती?"

"दोन-चार दिवसांत. बहुतेक."

आक्कांनी मनातल्या मनात हिशोब केला. दोन-चार दिवसांत आली तर पूजेच्या आधी सून न्हाऊन मोकळी होत होती. त्यांचा चेहरा सैल झाला. "मग काय हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या वक्ताला मला तो मान मिळाला न्हाई, बाई. हिला मिळालाय."

मी पुन्हा एकदा म्हणाले, "आक्का, बहुतेक म्हणतेय मी." पण आमच्या तोंडचं 'बहुतेक' समोरच्या कानात जाईपर्यंत 'नक्की' झालेलं असतं, हे मला या धंद्यात पुष्कळदा दिसलंय.

पाळी दोन-चार दिवसांत आली नाही. अर्चना फोन करत होती, राजमती हळू आवाजात "न्हाई आजून" म्हणत होती. आठवडा गेला. आक्कांनी एकदा फोन घेतला आणि मला म्हणाल्या, "आवं बाई, आता आली तर कसं व्हायचं? परत एकदा गोळी देऊ का? थोडे दिसच."

"नाही, आक्का."

"एकच."

"नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला. त्या रागावणार हे साहजिक होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही रागावले असते.

पूजेचं आमंत्रण मला आधीच मिळालं होतं. सुकुमार स्वतः पत्रिका देऊन गेला होता, त्यावर दोघांची नावं छापलेली होती. पहिला दिवस रविवारी होता. मी गाडी काढून गेले. गावाबाहेर कमान होती, मांडवाच्या वाटेवर रांगोळ्या, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. मांडवात व्यासपीठावर सुकुमार बसला होता, मुकुट घालून, खाली बघत. त्याच्या शेजारी राजमती नव्हती. तिची धाकटी जाऊ बसली होती, आणि तिच्या शेजारी धाकटा दीर. मान त्या दोघांना गेला होता, आणि सुकुमारला एका बाजूला बसवलं होतं. त्याच्या डोक्यावर मुकुट का ठेवला होता ते मला कळलं नाही. बहुधा काढ म्हणायला कुणाला सुचलं नसावं.

कुसुमआक्का पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मला बघितलं, आणि मान फिरवली.

मी राजमतीचं घर विचारत गेले. घर मांडवापासून लांब नव्हतं. पुढच्या अंगणात, गोठ्याला लागून, एक मोकळी खोली होती. तिथे ती घोंगडीवर बसली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी पाळी आली होती.

"या मॅडम," ती म्हणाली. "बसा. पर च्या करता यायचा न्हाई मला. आज चूल माझी न्हाई."

मी दारातल्या खुर्चीवर बसले. लाउडस्पीकरवरून पूजेचा आवाज स्पष्ट येत होता. तीर्थंकर पोटात येतात तेव्हा त्यांच्या आईला सोळा स्वप्नं पडतात. पंडित ती एकेक करून सांगत होते आणि मधे वाद्यं वाजत होती. पांढरा हत्ती. बैल. सिंह.

राजमती पुढचं नाव आधीच पुटपुटत होती. "लक्ष्मी," ती म्हणाली, आणि स्पीकरवरून लक्ष्मी आली. "फुलांच्या माळा." माळा आल्या. चंद्र, सूर्य, मासे. सगळी तिला पाठ होती. आईने प्रत्येक स्वप्नाला कुठे मान लववायची, कुठे हात जोडायचे, हेही तिला ठाऊक होतं. हात मांडीवरच होते, पण बोटं हलत होती. समुद्रापाशी तिचा आवाज थांबला. उरलेली स्वप्नं आम्ही नुसती ऐकली.

"धाकटीला पाठ न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "काल रातचं कळलं तिला. घाबरली आसंल लय."

मी म्हणाले, "राजमती, माझ्यामुळे झालं हे असं वाटत असेल तर..."

"तुमच्यामुळं कसं?" ती म्हणाली. "गाठ काय तुमी दिली व्हय?" मग थोड्या वेळाने, "ती गोळी परत मागितली आईनी. मला बी वाटलं हुतं घ्यावी. घेतली न्हाई."

"का?"

"तुमी न्हाई म्हनला म्हनून न्हाई. त्या गोळीवर ती वाढती म्हनला न्हवं डॉक्टर. तिला खाऊ घालून वर देवाची आई व्हायचं, ते मनाला पटंना."

मी परत आले तेव्हा मांडवात जेवणं चालली होती. मी न जेवता निघाले, याबद्दल सुकुमार नंतर माझ्यावर नाराज होता.

पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या फोटोला आली. या वेळी सोबत फक्त सुकुमार. ती पालथी झोपली, अर्चनाने हात धरून सुई तपासली आणि बाहेर आली. मी पडद्यासमोर बसले. मला त्या दिवशी घाम आला होता, आणि आमच्या खोलीत मशीनसाठी एसी इतका थंड असतो की सगळे स्वेटर घालून बसतात. फोटो पुन्हा तसाच आला, तर त्या बाईचा मान मी फुकट घालवला होता.

डायच्या आधीचे फोटो आले. मग डाय सोडलं. पहिला फोटो आला तेव्हा अर्चना माझ्या खांद्यामागून म्हणाली, "मॅडम, अंधार आहे की."

अंधार होता. उजवा स्तन शांत, काळा. डावाही काळा, आणि त्यात गाठ एकटी, स्पष्ट. आणि तिच्या मागे, छातीच्या भिंतीकडे, आणखी एक. लहान, तुरीच्या डाळीएवढी, पण पहिल्याच फोटोत झटकन उजळलेली. मी जुना फोटो शेजारी लावला. त्याच जागी तेव्हाही ती होती. पण तिच्या आजूबाजूला तसेच कितीतरी दाणे होते, आणि मीच काय, कुणीही तिला वेगळं काढू शकलं नसतं.

मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे आजही सांगता येत नाही. बाहेर येऊन मी दोघांना समोर बसवून सांगितलं. आधी उजव्या बाजूचं, मग डाव्या. सुकुमारने डोळे मिटून घेतले. राजमतीने विचारलं, "दोन झाल्या, मग आता सगळंच काढायचं?"

"अजून नाही ठरलं. आधी सोनोग्राफीवर ती दिसते का बघू. दिसली तर सुई घालू."

सोनोग्राफीवर ती दिसली. नेमकं कुठे बघायचं हे माहीत होतं, म्हणून दिसली. सुई मीच घातली. तीही कॅन्सरचीच निघाली. पण दोन्ही एकाच भागात, जवळजवळ होत्या. सर्जननी रिपोर्ट वाचला, माझ्याशी फोटोंवर बराच वेळ बोलले आणि म्हणाले, "दोन्ही एकत्र निघतील. स्तन राहील." त्यांच्या मानाने हे मोठं भाषण होतं. नुसती पहिली गाठ काढली असती तर दुसरी मागे राहिली असती. पहिल्या फोटोवर विसंबून सगळं काढलं असतं तर जो भाग निरोगी होता तोही गेला असता.

ऑपरेशन झालं, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे रोग मागे राहिला नव्हता. मग शेक झाला, हार्मोन रोखणारी रोजची गोळी सुरू झाली. ऑपरेशननंतर मी वॉर्डात बघायला गेले तेव्हा कुसुमआक्का बाकावर होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, दोन्ही फोटोंबद्दल. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. "मंजी तिचं भाईर बसणं वाया गेलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही गेलं, आक्का."

त्यांनी मान डोलावली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मी अजून जरा रागातच हाय बगा. जाईल." मला त्यांचा हा खरेपणा आवडला. राग गेला की नाही ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मात्र त्या गावातल्या तीन बायकांना मॅमोग्राफीला घेऊन आल्या. त्या तिघी आत असताना आक्का एकट्याच बाहेर बसून राहिल्या, आणि जाताना अर्चनाच्या हातात द्राक्षांची पेटी देऊन गेल्या.

निवृत्त होण्याआधी मी राजमतीचा शेवटचा वार्षिक फोटो वाचला. डावी बाजू शेकामुळे पुरती अंधारलेली. उजवीही रोजच्या गोळीने शांत झालेली. एकही दाणा नाही. ती कपडे बदलून माझ्या खोलीत येऊन बसली आणि मी तिला पडद्यावर दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं.

मला ते बरेच दिवस विचारायचं होतं. मी विचारलं, "पूजेचं अजून वाईट वाटतं का?"

ती विचार करून बोलली. "वाटतं की. मांडव बगितला कुटं की वाटतं. पुन्यांदा काय मिळायचं न्हाई आता." तिने पदर सारखा केला. "आन रोज आंगूळीला बसले की बरं बी वाटतं. दोनी वाटतं, मॅडम."

बाहेर सुकुमार गाडी चालू करून उभा होता. ती उठली आणि गेली.